बोललेले आणि भरलेले



"साहेब, धुळ्याला जायला एस.टी. आहे. रक्कम सांगा, आत्ता चेक लिहून देतो. त्यासाठी ९० किलोमीटर पायपीट कशाला?" जळगावच्या दाणाबाजारातील एका जुन्या खातेदारांनी आषाढात मला हा प्रश्न केला. प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्त होता. त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

आम्ही चौघे मित्र, सर्वजण साठी ओलांडलेले. एक निवृत्त प्राध्यापक, एक सराफ, एक कापडाचे व्यापारी आणि मी. गरजू रुग्णांच्या डायलिसिससाठी निधी उभा करावा आणि त्यानिमित्त पौष महिन्यात एरंडोल, पारोळा या मार्गाने जळगावहून धुळ्यापर्यंत तीन दिवसांत पायी जावे, असा संकल्प आम्ही केला. अनेक स्नेह्यांनी प्रत्येक किलोमीटरमागे अमुक रुपये, अशी बोली बोलली.

साधु-साध्वींचा विहार थांबतो त्या चातुर्मासात आमची चाल सुरू झाली, हा योगायोगच. पावसाळ्यात जीवजंतू फार, म्हणून मेहरूण तलावाकाठच्या बांधीव वाटेवरच चालायचे आणि पुरते उजाडल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. पहिल्या रविवारी ४ किलोमीटर झाले आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्याही पोटऱ्या धरल्या. मग नियम केला: आठवड्यातून तीन दिवस बेताची चाल, रविवारी लांब पल्ला, सोमवारी पूर्ण विश्रांती, आणि रविवारचा पल्ला मागच्या रविवारपेक्षा एक दशांशाहून अधिक वाढवायचा नाही. बँकेत चक्रवाढ व्याज आयुष्यभर मोजले. पायांनाही तोच हिशेब लागू पडतो, हे निवृत्तीनंतर समजले. दसऱ्याच्या सुमारास आम्ही गिरणेच्या बांभोरी पुलाकडे निघण्याइतके तयार झालो.

त्याच सुमारास एका रविवारी कापड व्यापारी मित्रांनी परतल्यावर बूट काढला, तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता. टाचेवर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि त्यांना त्याची काहीच जाणीव नव्हती. पंधरा वर्षांचा मधुमेह. डॉक्टरांनी सांगितले की, दीर्घकाळच्या साखरेने पायांच्या नसा बधिर होतात. दुखणे कळत नाही, म्हणून जखम चिघळते. जखम पुरती भरेपर्यंत चालणे बंद, पुढे घरातही अनवाणी फिरणे नाही आणि रोज तळपाय पाहणे आवश्यक. शिवाय उपवासाच्या किंवा एकासन्याच्या दिवशी नेहमीच्या गोळ्या घेऊन लांब चालल्यास साखर एकाएकी उतरू शकते. तेव्हा व्रताआधी औषधाच्या वेळा विचारून घ्याव्यात, अशी त्यांची स्पष्ट सूचना होती.

मित्र म्हणाले, "तुम्ही तिघे जा. माझ्यामुळे संकल्प मोडू नका."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांना वगळले तर तीन दिवसांचा कार्यक्रम बिनघोर पार पडणार होता. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून १०० किलोमीटरची एक चाल सुरू झाली. पुढे ती सर्वसामान्यांसाठी खुली होऊन धर्मादाय निधीसाठी अनेक देशांत भरू लागली. चौघांचा संघ आणि ४८ तासांची मुदत, ही तिची रीत. चौघे एकत्र निघतात, एकत्र पोहोचतात. संघाचा वेग म्हणजे सर्वांत संथ चालणाऱ्याचा वेग. आम्ही वेग ठरवला होता तो मात्र आमच्यातील सर्वांत तंदुरुस्त प्राध्यापकांकडे पाहून.

सकाळी वही काढली. १९३० साली गांधीजी वयाच्या साठाव्या वर्षी साबरमतीहून दांडीला सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेले. त्याला २४ दिवस लागले. सरासरी दिवसाला १६ किलोमीटर. मग आम्हालाच तीन दिवसांचा हट्ट कशासाठी? आता तीनऐवजी सहा दिवस, रोज सुमारे १५ किलोमीटर. सोबत एक मोटार राहील. डॉक्टर ज्या दिवशी नको म्हणतील त्या दिवशी मित्र मोटारीत बसतील आणि त्यांचे तेवढे किलोमीटर दात्यांच्या हिशेबातून वजा होतील. हा बदल प्रत्येक दात्याला लेखी कळवला. एकानेही बोली मागे घेतली नाही.

दानासाठी चालणे म्हटले की विनोबांचे स्मरण होतेच. धुळ्याशी त्यांचे नाते जुने; १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात त्यांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना १०० एकरांचे पहिले भूदान मिळाले आणि पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. लाखो एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. तथापि त्यातील बराच मोठा भाग भूमिहीनांच्या हाती पोहोचला नाही. काही जमीन नापीक निघाली, काही वादात अडकली, काहींची कागदपत्रेच पुरी झाली नाहीत. यात विनोबांच्या पायांना दोष नाही. बोललेले दान आणि भरलेले दान यांतील अंतरही कोणीतरी चालावे लागते.

आपल्या समाजाला हे सांगायला नको. मंदिरात चढावा बोलला की रक्कम शक्य तितक्या लवकर भरावी, हा संस्कार आपल्याकडे आहे. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. देणगी आमच्या हाती न येता थेट रुग्णसेवा करणाऱ्या न्यासाच्या खात्यात जमा होईल. वाटेतील जेवण, मुक्काम आणि मोटारीचा खर्च आम्ही चौघे खिशातून करू. प्रत्येक दात्याला पावती मिळेल. येथे एक व्यावहारिक सूचना: प्राप्तिकरात २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. दान त्यासाठी थांबू नये. पण माहिती असावी.

आता दाणाबाजारातील त्या प्रश्नाचे उत्तर. चेक आपण जरूर लिहावा. न्यासाला त्याची गरज आहे. पण आम्ही चाललो नसतो तर ती टाच कोणी पाहिली नसती. ज्या डायलिसिससाठी आम्ही निधी मागतो, त्या खाटेपर्यंत अनेक रुग्ण मधुमेहाच्याच वाटेने पोहोचतात. त्या वाटेवरचा एक प्रवासी आमच्या शेजारून चालत होता आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते.

जखम भरली आहे. गेल्या रविवारी डॉक्टरांनी २ किलोमीटरची परवानगी दिली. अर्धा नंबर मोठे बूट आणि शिवण न टोचणारे मोजे घालून मित्र मेहरूणवर आले. आम्ही तिघे त्यांच्या मागून चाललो. पौषापर्यंत त्यांची तयारी किती होईल, हे आज सांगता येत नाही.

वाचकहो, एवढे करा. आज रात्री घरातील मधुमेही ज्येष्ठांचे तळपाय उजेडात एकदा नीट पाहा. बोटांच्या बेचक्याही विसरू नका.