बुडाशी लिहिलंय म्हणून?

ऑनसाइटला आलेल्या माणसाचा रविवार फार मोठा असतो. कपडे धुऊन झाले, घरी फोन झाला, आठवड्याची भाजी चिरून फ्रीजमध्ये गेली, तरी घड्याळात अकराच! अशाच एका रविवारी मी इथल्या कार बूट सेलला गेलो. म्हणजे इंग्लंडमधला जुना बाजार. मैदानात गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातली अडगळ मांडून बसायचं. तिथे एका आजींकडून मी आठ पौंडांना एक बरणी घेतली.

वीतभर उंच, पोटाला गोल, वर टोपीसारखं झाकण. गडद निळ्यावर पांढरी प्लमची फुलं आणि मागे तडकलेल्या बर्फासारख्या रेघा. बुडाशी निळ्या दुहेरी वर्तुळात चार चिनी अक्षरं. घरी येऊन एकेक अक्षर जुळवत बसलो. अर्थ निघाला, 'खांगशीच्या कारकिर्दीत बनवलेली'. खांगशी हा छिंग घराण्यातला सम्राट, काळ १६६२ ते १७२२. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांपासून थेट पहिल्या बाजीरावापर्यंत. लगेच बाबांना फोन केला, "बाबा, तीनशे वर्षांपूर्वीची बरणी मिळाली!" बाबांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला सांगून टाकलं.

पुढचे चार वीकएंड मी ती बरणी उलटी धरून वाचत बसलो, आणि हळूहळू माझा चेहरा पडत गेला.

एक तर, खांगशीच्या खास दरबारी भांड्यांवर सहसा सहा अक्षरं असतात, घराण्याच्या नावासकट. चार अक्षरांची खूण आणि हीच प्लमची नक्षी, ही जोडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बरण्यांवर हमखास सापडते. त्या काळात इंग्लंडला निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचं वेड लागलं होतं. व्हिसलर आणि रोझेटीसारखे चित्रकार ती गोळा करत होते. मागणी आली, तशा चीनमधल्या जिंगदेझेनच्या कुंभारांनी जुन्या नक्षीच्या बरण्या पुन्हा काढल्या.

याहून मोठी गंमत पुढे आहे. १६७७ साली जिंगदेझेनच्या एका अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायलाच बंदी केली होती. भांडं फुटलं की नावाचा अपमान होतो म्हणून! त्यामुळे त्या काळातल्या अस्सल भांड्यांच्या बुडाशी पुष्कळदा नुसतं रिकामं वर्तुळ किंवा एखादं पान असतं. म्हणजे नाव नाही ती खरी असू शकते, आणि नाव आहे ती दोनशे वर्षांनी धाकटी. घ्या!

मग अक्षरं सोडली आणि वस्तूकडे बघायला लागलो. आत हात घालून पोटाच्या मध्यावर बोट फिरवलं, तर आडवा उंचवटा लागला. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा घडवून जोडल्याची ही खूण. साच्यात ओतलेल्या आजच्या स्वस्त बरणीत असा सांधा सापडणार नाही. निळा रंग भिंगातून पाहिला. ब्रशचे फटकारे दिसतात, म्हणजे छापील नक्षी नव्हे. पण रंग सपाट आहे, हात घाईचा आहे. चांगल्या खांगशी कामात निळ्याचे थर दिसतात, एकाच फुलाभोवती फिकट-गडद छटा असतात. बुडाच्या कडेला झिलई नाही, कारण ती असती तर भट्टीत भांडं खाली चिकटलं असतं. त्या उघड्या कडेवर वेड्यावाकड्या दिशांना बारीक चरे आहेत. हे वापराचे चरे. मुद्दाम जुनं केलेलं भांडं बहुतेक वेळा एकसारखं घासलेलं असतं. शेवटी टिचकी मारली. माठ घेताना आजी मारायची तश्शी. टण् असा स्वच्छ आवाज आला, म्हणजे तडा नाही.

अजून एक नियम सगळेजण सांगतात. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं, तेव्हा 'चायना' लिहिलेलं नसेल तर वस्तू त्याआधीची. पण तो कायदा अमेरिकेचा होता. इंग्लंडला आलेल्या बरणीला तो लागूच नाही! नियम पाठ करताना तो कुठे चालतो हेही पाठ करावं लागतं.

निकाल असा की बरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. सव्वाशे वर्षांच्या आसपास.

आता खरा मुद्दा. माझा रूममेट म्हणाला, "अरे, ऑनलाइन टाक ना. बुडाशी खांगशी लिहिलंच आहे, तू कुठे खोटं बोलतोयस? तीनशे पौंड कुठे गेले नाहीत." खरं सांगतो, मी फोटो काढलेसुद्धा होते. पण लिलाववाले 'खांगशी खूण' आणि 'खांगशी खूण व त्याच काळातली' असे दोन वेगळे शब्दप्रयोग वापरतात, आणि त्या जास्तीच्या तीन शब्दांवर किमतीतली शून्यं वाढतात. मला हे माहीत झाल्यावर गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच. माहीत नसताना चूक होती, आता लबाडी झाली असती.

मग कुंभार लबाड होता का? मला नाही वाटत. खुद्द खांगशीच्या काळातले कुंभारही दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग सम्राटांची नावं घालायचे. त्यात फसवण्यापेक्षा आदर जास्त होता. आपल्याकडे तुकोबांची नाममुद्रा घातलेले, पण त्यांचे नसलेले अभंग आहेतच की. कुंभाराने नमस्कार केला, त्याचा दाखला आपण केला.

आणि लिहिलेलं सगळंच खोटं असतं असंही नाही. १८९२ साली आपल्या मुंबईत जन्मलेल्या पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातल्या दोन फुलदाण्यांवर १३५१ साल कोरून नव्हे, तर निळ्या रंगात लिहिलंय. १९२९ साली त्यांच्याबद्दल पहिल्यांदा छापून आलं, तेव्हा एवढं सफाईदार निळं काम इतकं जुनं असेल याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १९५० च्या दशकात जॉन पोप यांनी इस्तंबूल आणि इराणमधल्या जुन्या संग्रहांतली भांडी त्यांच्याशी ताडून पाहिली, आणि चौदाव्या शतकातल्या भांड्यांचा अख्खा गट ओळखता आला. तारीख तीच होती. ती पुरावा झाली दुसऱ्या भांड्यांनी साक्ष दिल्यावर. कोडवरची कॉमेंट काहीही म्हणो, आपण कोड चालवून बघतोच ना? तसंच.

असो. बाबांना फोन करून सगळं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आता सोसायटीत काय सांगू रे?" म्हटलं, "सव्वाशे वर्षांची आहे म्हणून सांगा, आणि कसं ओळखलं तेही सांगा." मागून आईचा आवाज, "झाकण घट्ट बसतं का विचारा."

बसत नाही. बरणी विकलेली नाही, टेबलावर आहे. तुमच्या घरी अशी एखादी असेल तर उलटी करून जरूर बघा. फक्त वाचून थांबू नका.