पळत्याच्या पाठी

तत्त्वज्ञान हा बैठा धंदा आहे, अशी आपली उगीचच समजूत झाली आहे. ऋषी म्हटला की मृगाजिन आले आणि प्राध्यापक म्हटला की आरामखुर्ची आली. पण वाचकहो, खरे दर्शनकार पाहायचे असतील तर एखाद्या रविवारी पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डाकडे या. त्या वेळी गुलटेकडीच्या या बाजारात कांद्याची पोती, कोथिंबिरीच्या जुड्या आणि झेंडूचे ढीग उतरत असतात. आणि त्यांना वळसा घालून बिबवेवाडी-मुकुंदनगरची पोक्त मंडळी अर्ध्या चड्डीत पळत असतात. १९८३ साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि दारात रिक्षा मिळत असताना पायी पळण्याचे हे वेड पांढरपेशा पुणेकराला हळूहळू जडले.

या पंथात सारी दर्शने सुखाने नांदतात. पहिले पाच किलोमीटर प्रत्येक जण चार्वाक असतो. पळणे हे निमित्त, मागाहूनची मिसळ हेच साध्य! दहाव्या किलोमीटरला कर्मयोग सुरू होतो. पहिले बक्षीस बहुधा केनियाचा किंवा इथिओपियाचा गडी नेणार हे ठाऊक असल्यामुळे फलाशा सोडणे या मंडळींना अर्जुनापेक्षा पुष्कळ सोपे जाते. विसाव्याला वेदान्त. गुडघा दुखतो खरा, पण गुडघा म्हणजे काही मी नव्हे! (घरी आल्यावर हाच गुडघा पुन्हा 'माझा' होतो आणि सौभाग्यवतींना तेल गरम करावे लागते.)

तिसाव्याच्या पुढे मात्र यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपत येते. पळणारे या अवस्थेला 'भिंत' म्हणतात. येथे शून्यवादाला सुरुवात होते. नागार्जुनाने मध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात गतीची अशी चिरफाड केली आहे की, चालून झालेली वाट आता चालता येत नाही, न चाललेली अजून चाललेली नाही. मग माणूस चालतो तरी कुठे? तिकडे ग्रीक झेनो सांगून गेला की, वेगवान अखिलीस पुढे निघालेल्या कासवाला कधीच गाठू शकणार नाही. ग्रंथात ही कोडी वाटतात. पस्तिसाव्या किलोमीटरला हा रोकडा अनुभव असतो. फरक इतकाच की, येथे सत्तरीचे कासव मागून येते आणि "चला, चला!" म्हणत पुढे निघून जाते.

त्यातून ४२ किलोमीटरांवरचे ते १९५ मीटर! १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली. त्या वेळचे अंतर पुढे १९२१ साली कायमचे ठरले. कोण कुठले राजघराणे, आणि पोटऱ्या आमच्या! यालाच आपल्याकडे पूर्वसंचित म्हणतात.

पण या साऱ्या दर्शनांना पुरून उरणारा प्रश्न एकच, 'कशासाठी?' तो पूर्वीच्या पळणाऱ्यांनाही पडलाच असेल. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्यांना पाहिले, आणि १९२० साली हिंदुस्थानचा चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार उभे राहिले. त्या वर्षीचे अंतर होते ४२.७५ किलोमीटर. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले १९ वे आले. एकोणिसाव्याला पदक नसते. तरीही ते शेवटपर्यंत गेले. याला कोणते दर्शन म्हणायचे?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक रोज यार्डाला फेरी मारतात. तत्त्वज्ञान हाच त्यांचा विषय. एकदा पोते पाठीवर घेऊन निघालेल्या एका हमालाला त्यांनी विचारले, "मामा, मध्येच थांबावंसं नाही वाटत?"

"थांबलं की पोतं जड व्हतं, साहेब," हमाल चालता चालताच म्हणाला. मग पोते ठेवून, घाम पुसून त्यानेच विचारले, "पण तुमच्या पाठीवर तर पोतंबी न्हाई. मग कशापायी पळताय?"

षड्दर्शने पाठ असलेले प्राध्यापक निरुत्तर झाले. पत्नी गेल्यापासून पहाटेचे घर किती मोठे होते, हे भर बाजारात कोणाला कसे सांगायचे? ते नुसते हसले आणि पुन्हा पळू लागले.

तेव्हा वाचकहो, चकलीचे ताट बाजूला सारून उद्यापासून पळत सुटा, असे मी म्हणत नाही. पण ऐन दिवाळीत, लोक अभ्यंगाला बसलेले असताना, कोणी एकटाच धापा टाकीत जाताना दिसला, तर हसण्याआधी त्याच्या पाठीकडे एकदा पाहा. पोते दिसणार नाही. पण म्हणून ते नसेलच असे नाही.