पस्तिशीनंतर नर्सिंगचे दार बंद का?

बारावीनंतर लग्न, मुले, मग दहा-पंधरा वर्षे घर. मुले हाताशी आली की आता स्वतःचे काहीतरी करावे असे अनेक स्त्रियांना वाटू लागते आणि त्यांतल्या बऱ्याच जणी नर्सिंगची चौकशी करतात. कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांची आजारपणे काढलेली असतात. कोणी एखाद्या दवाखान्यात मावशी म्हणून वर्षानुवर्षे राबत असते. चौकशीचे उत्तर मात्र बहुधा एका आकड्यापाशी थांबते : ३५.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग या तिन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशाची वयोमर्यादा १७ ते ३५ वर्षे आहे. सवलत एकच दिसते. जी आधीच एएनएम आहे, तिला जीएनएमसाठी वयाची अट नाही. पण त्यासाठी निदान एएनएमला तरी पस्तिशीच्या आत प्रवेश घेतलेला असावा लागतो.

त्यापुढचे गणित अधिक अवघड आहे. चौतिसाव्या वर्षी जीएनएमला प्रवेश मिळाला असे धरू. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणजे नोंदणी होईपर्यंत वय ३७-३८. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय साधारण ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३. ‘एम्स’च्या ‘नॉरसेट’ परीक्षेला तर सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षांचीच आहे. थोडक्यात, प्रवेशाचे दार उघडे असते तेव्हा सरकारी नोकरीचे दार मिटत आलेले असते. उरतात खासगी रुग्णालये.

आणि तिथे पगाराचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान २० हजार रुपये मिळावेत. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारी परिचारिकेइतका असावा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि परिचारिकांच्या संघटना ही मागणी आजही मांडतच आहेत. बावीस वर्षांची मुलगी अनुभवासाठी म्हणून वर्षभर कमी पगारावर काढते. जिच्यावर दोन मुलांची फी आणि घरभाडे आहे, तिला ते परवडत नाही.

वयोमर्यादेच्या बाजूने मुद्दे नाहीत असे नाही. प्रशिक्षण पूर्णवेळ, बहुतेक ठिकाणी वसतिगृहात राहून करायचे असते. रात्रपाळ्या असतात, रुग्णाला उचलावे-वळवावे लागते आणि पाठीचे दुखणे हा या पेशाचा जुना सोबती आहे. चाळिशीनंतर रात्रपाळीनंतरची झोप भरून काढणे जड जाते, हेही खरे. पण याची कसोटी वैद्यकीय तपासणीत लागू शकते. जन्मतारखेवरून ती लागत नाही. दुसरा आक्षेप असा, की उशिरा शिकलेली परिचारिका सेवा किती देणार? एकेचाळिसाव्या वर्षी नोंदणी झालेल्या बाईला ५८ पर्यंत सतरा वर्षे मिळतात. शिवाय ती आपले गाव, आपला तालुका सोडून परदेशी जाण्याची शक्यता तरुण परिचारिकेपेक्षा कमीच.

हा हिशेब आज महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती. श्रीमंत देश ती आपल्यासारख्या देशांतून भरून काढतात, पण घरच्या प्रौढांनाही वाट करून देतात. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांना साधारण वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी घेता येते. परवान्याची परीक्षा मात्र सर्वांना एकच. इंग्लंडमध्ये वयाची वरची अट नाही. पण तिथे २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद झाले, तेव्हा अर्ज घटले आणि सर्वाधिक घट पंचविशीपुढच्या वयोगटात झाली. २०२० मध्ये वर्षाला किमान ५ हजार पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. म्हणजे नुसती वयाची अट काढून भागत नाही, शिकण्याच्या काळात घर कसे चालणार याचीही सोय लागते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. त्या संस्थेतून ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला गेलेल्यांत विधवा स्त्रिया होत्या. नर्सिंग हा त्यांच्यासाठी दुसरा डावच होता. आजही आशा स्वयंसेविकेची निवड २५ ते ४५ या वयोगटातून होते. नवजात बाळाच्या घरभेटींसाठी जी चाळिशीतली बाई योग्य ठरते, ती एएनएमच्या वर्गात बसायला अयोग्य कशी? काही राज्यांनी आशांना या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात प्राधान्य दिले आहे. पण पस्तिशी ओलांडलेल्या आशेला त्याचा उपयोग नाही.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. त्याच वर्षी केंद्राने १५७ नव्या सरकारी नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. जागा वाढत आहेत, नियमही नव्याने लिहिले जाणार आहेत. त्यात मावशी, आशा आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांसाठी विद्यावेतनासह राखीव जागा आणि वयाची सूट आली, तरच या वाढीचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

तोवर या स्त्रियांच्या हातात पडतात त्या ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’च्या जाहिराती. अशा वर्गांतून रुग्ण-साहाय्यकाचे काम शिकता येते आणि ते काम मिळतेही. पण त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नर्सची नोकरी नाही. पैसे भरण्याआधी संस्थेला एवढेच विचारावे : अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, आणि शेवटी नोंदणी क्रमांक मिळणार का?