शिवणीची धावपट्टी आणि वाशीमचा वाटा

अकोल्याजवळच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवा, ही मागणी अकोल्याची आहे असे समजून वाशीम जिल्हा इतकी वर्षे गप्प बसला. बोलला तेव्हा भलतेच बोलला. कुणी म्हणाले, "वाशीमलाच स्वतंत्र विमानतळ द्या." कुणी म्हणाले, "समृद्धी झाली, आता विमान कशाला?"

स्वतंत्र विमानतळाची हौस आधी निकालात काढू. यवतमाळला विमानतळ आहे. लातूर, नांदेड, बारामती आणि धाराशिवसोबत तो २००९ मध्ये खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला गेला. यवतमाळकरांना नियमित प्रवासी विमान मात्र मिळाले नाही. सहा तालुक्यांच्या वाशीमने तोच प्रयोग पुन्हा कशासाठी करायचा? कोनशिला बसेल, फोटो निघतील आणि पुढे कुंपणात गवत वाढेल.

समृद्धी महामार्गाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि रिसोड तालुक्यांतून जातो. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला आणि शेलुबाजारहून गाडी निघाली की थेट मुंबईच्या वेशीवर. पण हा हिशेब स्वतःची गाडी आणि चालक असणाऱ्याचा आहे. बाकीच्यांसाठी रात्रभराची ट्रॅव्हल्स आहेच. शिवाय समृद्धीची दोन टोके म्हणजे नागपूर आणि मुंबई. हैदराबाद, बंगळूर, दिल्ली या दिशांचे काय? आपली मुले शिकायला आणि नोकरीला जातात ती काही फक्त मुंबईला नाही.

तिसरा आक्षेप अमरावतीचा. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळ सुरू झाला, मग शंभरेक किलोमीटरवर दुसरा कशाला, असे विचारले जाते. कारंज्याच्या माणसाला बेलोराच जवळचे. तो तिकडे जाईल आणि जावे. पण वाशीम, मालेगाव, रिसोडला अकोला जवळ आहे. वाशीम ते अकोला ऐंशी किलोमीटरच्या आसपास, चौपदरी रस्ता. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे शिवणी-शिवापूर स्थानकही त्याच शिवणीचे. आणि बेलोराची गोष्ट नीट वाचली तर ती आपल्याच बाजूने साक्ष देते. तिथली धावपट्टी १,८५० मीटरची झाली, तेव्हाच एटीआर-७२ जातीचे, सत्तरेक आसनांचे विमान उतरू लागले. शिवणीची धावपट्टी चौदाशे मीटरच्या आसपास आहे. ती अठराशेवर न्यावी, ही मागणी आहे.

हे चारशे मीटर चैनीचे नाहीत. आपला उन्हाळा आठवा: अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, विमानाला जास्त धावावे लागते. धावपट्टी आखूड असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी माणसे किंवा सामान कमी करूनच उड्डाण करावे लागेल. अर्धे रिकामे विमान कोणती कंपनी चालवील?

विरोधकांचा सर्वांत धारदार पुरावा छोट्या शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेचा आहे, आणि तो ते क्वचितच नीट मांडतात. म्हणून मीच मांडतो. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली ती फक्त ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी ५४ उरले. आपल्याकडेही जळगावची विमानसेवा २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून बंद-चालू होत राहिली. सिंधुदुर्गातल्या चिपीचे मुंबई विमान २०२४ मध्ये थांबले. हे आकडे पाहून ज्याला धास्ती वाटत नाही, त्याने विमानतळाची वकिली करू नये.

पण यातून निघणारा धडा विमानतळ वाढवू नका असा नाही, अर्धवट ठेवू नका असा आहे. त्याच योजनेत २०१८ मध्ये कोल्हापूरची सेवा पुन्हा सुरू झाली. राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा तो विमानतळ; मध्ये काही वर्षे मुका झाला होता. १,३७० मीटरची धावपट्टी १,९३० वर नेली, रात्री उतरण्याची सोय केली, मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली. कोल्हापूरची बाजारपेठ वेगळी, हे कबूल. पण निव्वळ बाजारपेठेवर विमान उतरत नाही, त्याला डांबर लागते.

राहिला जमिनीचा प्रश्न, आणि इथे मी विरोधकांच्या अर्ध्या बाजूला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विस्तारासाठी जमीन सोडली. संशोधनाची माती गेली आणि धावपट्टी तिथेच राहिली. हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा. उरलेल्या खासगी जमिनीचे पैसे शेतकऱ्याला आजच्या भावाने, एकरकमी आणि ताबा घेण्याआधी मिळाले पाहिजेत. ते द्यायचे नसतील तर विस्ताराची घोषणाही करू नये.

वाशीमला यातून काय मिळेल, हे फुगवून सांगण्याचे कारण नाही. पोहरादेवीला येणारा बहुतेक भाविक जीपने, बसनेच येईल; सोयाबीन ट्रकमधूनच जाईल. पण नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव असलेल्या या जिल्ह्यात कारखाना काढू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न जवळचे विमान कुठे, हाच असतो. हवाई रुग्णवाहिका रात्री-अपरात्री उतरू शकेल अशी धावपट्टी दोन तासांच्या आत असणे, ही श्रीमंतांची चैन नव्हे.

१ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यापासून वेगळा झाला, तो कारभारापुरता. वाशीमच्या खासदार-आमदारांनी अकोल्याच्या लोकप्रतिनिधींसोबत एकाच निवेदनावर सह्या कराव्यात आणि तीनच गोष्टी मागाव्यात: भूसंपादनाची पूर्ण रक्कम, अठराशे मीटरची धावपट्टी, रात्रीच्या उड्डाणाची सोय. पुढच्या अर्थसंकल्पाआधी ते निवेदन मुंबईला पोहोचले पाहिजे.