पाडण्याआधी कार्बनचा हिशेब मागा!

सोसायट्यांच्या सभासद बंधू-भगिनींनो,

मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ? प्रश्न रास्तच आहेत. पण उभी इमारत पाडून नवी बांधताना हवेत किती कार्बन जाणार, हे कोणी विचारत नाही. ते विचारा, एवढ्यासाठी हे पत्रक.

साध्या, काही न मिसळलेल्या सिमेंटची ५० किलोची गोणी तयार होताना साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक भट्टीतल्या कोळशाचा नसतो, तो भाजलेल्या चुनखडीतूनच निघतो. म्हणून इंधन बदलून भागत नाही, सिमेंटमधलं क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीचा भाग, कमी करावं लागतं. ते जमतं. फ्लाय ॲशचं पीपीसी आणि स्लॅग सिमेंट बाजारात कधीपासून आहे. फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख, तिला तोटा नाही: कोराडी आणि चंद्रपूरची वीजकेंद्रं आपल्याच राज्यात आहेत. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून होणाऱ्या एलसी-३ सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानकही मिळालं.

मग बिल्डरहो, माहितीपत्रकावर ‘ग्रीन’ छापता ते कशाच्या जोरावर? गच्चीवर चार सोलर पॅनल, लॉबीत एलईडी, आणि खाली मजलेच्या मजले नुसत्या गाड्या लावायला ओतलेलं काँक्रीट! पश्चिमेच्या भिंतीला काच लावायची आणि तापलेल्या खोलीत एसी चालवायचा, त्याचं बिल रहिवाशाने भरायचं.

सरकारचंही तेच. पुण्यासह बहुतेक राज्याला लागू असलेल्या यूडीसीपीआर नियमावलीत हरित मानांकनाचं बक्षीस म्हणजे ३ ते ७ टक्के जादा एफएसआय. कार्बन कमी केला म्हणून आणखी बांधकामाची मुभा! आम्हाला हे मान्य नाही. बक्षीस द्यायचं तर प्रीमियममध्ये सूट द्या, आणि तीही सिमेंट-सळईचा कार्बन मोजून.

इमारत खरोखर धोकादायक असेल तर पाडावीच. माणसाचा जीव आधी. पण मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत तातडीने रिकामी करून पाडायची ती फक्त सी-१. सी-२बी इमारत रहिवाशांना न हलवता दुरुस्त होते: सुटलेलं काँक्रीट काढायचं, गंजलेली सळई घासून तिला लेप द्यायचा, लागेल तिथे कॉलमला जॅकेटिंग करायचं. तुमची इमारत कोणत्या वर्गात आहे? स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल तुम्ही स्वतः वाचलाय का?

ऑडिटर सोसायटीने नेमावा, बिल्डरने नव्हे. दुरुस्तीचं अंदाजपत्रक पुनर्विकासाच्या प्रस्तावासोबत एकाच सभेत ठेवावं. पाडायचंच ठरलं तर आरएमसीचं (रेडी-मिक्स काँक्रीटचं) मिक्स डिझाइन सोसायटीला दाखवण्याची अट घाला. एका घनमीटरला सिमेंट किती आणि फ्लाय ॲश किती, हे त्याच कागदावर किलोत लिहिलेलं असतं. राडारोडा खाडीत किंवा नदीकाठी न टाकता प्रक्रिया केंद्रात गेल्याच्या पावत्या मागा.

हे सारं टेंडरच्या मसुद्यातच येऊ द्या. विकास करारावर सह्या होऊन घरं रिकामी झाली, की नवी अट घालायला सभासदाच्या हातात काही उरत नाही.