मंगळावरची सोजर्नर

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान फुगवलेल्या पिशव्यांत गुंडाळलेले, चेंडूसारखे उसळत मंगळावर उतरले. दोन दिवसांनी त्यातून सहा चाकांची एक गाडी जमिनीवर आली. घरातल्या लोखंडी ट्रंकेएवढी, वजन जेमतेम साडेदहा किलो! चंद्रावर आधी गाड्या फिरल्या होत्या, पण दुसऱ्या ग्रहावर ही पहिलीच.

ती तयार करणाऱ्या तुकडीच्या प्रमुख होत्या डोना शर्ली. जन्म १९४१ चा, लहानपण ओक्लाहोमातल्या विनवुड गावी. शाळकरी वयातच विमान उडवायला शिकलेल्या या मुलीला विद्यापीठातल्या सल्लागाराने ऐकवले, मुली इंजिनिअर होऊ शकत नाहीत. मध्येच वाट बदलून तिने लेखनाची पदवी घेतली. पण पुन्हा फिरून इंजिनिअरिंग पुरे केलेच, आणि १९६६ साली ती जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत लागली.

मंगळगाडीचे आधीचे आराखडे शेकडो किलोंचे होते. शर्लीबाईंना अडीच कोटी डॉलरात भागवायचे होते. वीज सूर्याची, तीही चाळीसच्या बल्बला न पुरणारी. पृथ्वीवरचा संदेश मंगळावर पोचायला दहा मिनिटे लागत, म्हणजे इथून गाडी हाकणे अशक्य. पुढे दगड आहे की खड्डा, हे गाडीनेच लेसर आणि कॅमेऱ्याने ओळखून बाजूने जायचे. चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. रांगते मूलही पुढे जाईल!

नाव एखाद्या कर्तबगार स्त्रीचे असावे, असे बाईंच्या मनात होते. मुलांची निबंधस्पर्धा झाली आणि बारा वर्षांच्या मुलीने सुचवलेले नाव निवडले गेले: सोजर्नर ट्रूथ. ही काळी बाई न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मली. लहानपणी मेंढरांच्या कळपाबरोबर शंभर डॉलरला विकली गेली. १८२६ साली तान्ह्या लेकीला घेऊन मालकाचे घर सोडून निघाली. पुढे, बेकायदा विकलेला मुलगा तिने कोर्टात जाऊन परत मिळवला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. सोजर्नर ट्रूथ हे नाव तिने स्वतःच घेतलेले. गुलामीतले नाव तिने टाकून दिले होते. आम्हाला विचाराल तर या मोहिमेतली आमची सर्वांत आवडती गोष्ट हीच.

सात दिवसांसाठी बनवलेली सोजर्नर मंगळाचे ८३ दिवस चालली. दगडांची रासायनिक तपासणी केली, साडेपाचशे छायाचित्रे काढली. एकूण प्रवास सुमारे शंभर मीटर. २७ सप्टेंबर १९९७ नंतर यानाशी नीट संपर्क झाला नाही. गाडी मात्र तिथेच आहे, आपले नाव घेऊन.