तिथी बघून निघा

मैत्रिणींनो, "चौघी बायकाच? आणि तंबूत राहणार?" हा प्रश्न आम्हालाही सगळ्यांनी विचारला. तरी निघालोच! पहाटे सोलापूर सोडलं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो आणि संध्याकाळी रत्नागिरीजवळचा किनारा गाठला. ओहोटी होती. मोकळी वाळू बघून हरखलो, तिथेच तंबू ठोकायला घेतला. मासे विकून परतणारी एक मावशी थांबली. "बायांनो, आज पुनव. उधाण येईल. वर सुरूच्या झाडांपाशी जा."

मध्यरात्री बघितलं, तर आमच्या आधीच्या जागेवर लाटा होत्या.

साधारण सहा तास भरती, सहा तास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास कमी, तो भांग. उपासापायी या तिथ्या आपल्याला तोंडपाठ, पण त्यांचा हा उपयोग कुणी सांगितलाच नव्हता. घरच्यांनी रस्त्याची, रात्रीची, माणसांची भीती घातली. पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून सांगते, जरूर जा. दोन दिवस घर चालतं, आमचंही चाललं. फक्त भिंतीवरचं कॅलेंडर बघून निघा, आणि तंबू ठोकण्याआधी तिथल्या बाईला विचारा.